दोन नावांची रास

आमची निपाणीची मावशी बोलायला बसली की चूल विझली तरी तिला पत्ता लागत नाही. एकदा पुण्यात एका लग्नाच्या मांडवात तिला कुणीतरी विचारलं, कधी आलात? ती म्हणाली, "मी सकाळीच आलो. खरं गाडी लई भरलेली होती." शेजारच्या बाई खुदकन हसल्या. "अहो, आलो काय? आले म्हणा!" आणि त्या 'खरं'चं काय करायचं ते त्यांना कळेना. आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', आणि बायका सर्रास आलो, गेलो, जेवलो म्हणतात. कोल्हापूर ओलांडून खाली बेळगावपर्यंत या, कुणाला त्यात वावगं दिसणार नाही. मावशीनं मात्र पुढचे दोन दिवस मान हलवूनच उत्तरं दिली.

मला तेव्हा पेत्र आठवला. येशूला पकडून नेल्यावर पेत्र मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकत बसला होता, आणि कोंबडा आरवण्याआधी त्यानं आपल्या गुरूची ओळख तीनदा नाकारली, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तो पकडला जायची वेळ कशानं आली हे सहसा कुणी सांगत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते स्पष्ट आहे: त्याची बोली. पेत्र गालीलचा, म्हणजे उत्तरेकडचा, आणि ही चौकशी चालली होती यरुशलेमेत. गालीलकरांच्या उच्चारांची टिंगल तालमूदमध्येही आहे. एक गालीलकर बाजारात एक शब्द उच्चारतो आणि लोक त्याला विचारतात, तुला बसायला गाढव हवंय, प्यायला द्राक्षरस, अंगावर घ्यायला लोकर, की कापायला कोकरू? चारही शब्द त्याच्या तोंडी एकसारखेच येत होते.

मी ख्रिस्ती नाही. बेळगावात बायबलच्या गोष्टी कानावर पडायला ते असावंही लागत नाही. लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलर यांनी इथं 1820 मध्ये काम सुरू केलं. मराठी कादंबरीचा आरंभ ज्यांच्या 'यमुनापर्यटन'पासून (1857) धरतात ते बाबा पदमनजी 1831 साली बेळगावात जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले आणि 1854 मध्ये इथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या वर्गात नीतिकथांच्या तासाला दावीद-गल्याथ, नोहाचं तारू, माशाच्या पोटातला योना हे सगळे येऊन गेले. पुढं कधीतरी मूळ ग्रंथ सलग वाचायला घेतला आणि लक्षात आलं, की तासाला सांगितलेल्या गोष्टींतून बाईंनी एक गोष्ट काढून टाकली होती: नकाशा. कोण नदीच्या अलीकडचा, कोण पलीकडचा, कुणाची बोली कशी, हे सगळं गाळून उरेल त्याला आपण नीतिकथा म्हणत होतो.

सीमाभागातल्या माणसानं बायबल नकाशासकट वाचावं. त्याला ते आतून कळेल असं मला वाटतं.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आणि त्याचा सासरा लाबान यांचं भांडण आहे. वीस वर्षं राबवून घेतलेला जावई बायकापोरं आणि गुरंढोरं घेऊन गुपचूप निघून जातो, सासरा पाठलाग करतो आणि गिलादच्या डोंगरात त्याला गाठतो. बरीच तोंडातोंडी होते. शेवटी दोघं दगडांची रास रचतात: याच्या पलीकडे तू यायचं नाही, अलीकडे मी यायचं नाही. लाबान त्या राशीला आपल्या अरामी भाषेत 'यगर-सहादूथा' म्हणतो, याकोब इब्रीत 'गलेद' म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच, साक्षीची रास. रास एक, अर्थ एक, नावं दोन, आणि ग्रंथकारानं दोन्ही नोंदवून ठेवली. कुठलं खरं याचा निवाडा केला नाही.

आमचं गाव 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी बेळगावी झालं. घरात ते बेळगावच राहिलं. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तो दिवसही 1 नोव्हेंबरच. त्या दिवशी शहराच्या एका भागात राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्या भागात काळा दिन. महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात बेळगाव कर्नाटकाकडे ठेवलं आणि निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं सुचवलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, त्यामुळे निपाणी आहे तिथंच राहिली. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. लाबान आणि याकोब यांना एक दिवस पुरला होता. रास रचून झाल्यावर तिच्याजवळच बसून ते जेवले, हेही ग्रंथकारानं मुद्दाम लिहिलंय.

याच गिलादात पुढं इफ्ताह नावाचा माणूस होऊन गेला. वेश्येचा मुलगा म्हणून सावत्र भावांनी त्याला वाटणीतून हुसकून लावलं. अम्मोनी चालून आले तेव्हा तेच भाऊबंद त्याला हातापाया पडून परत घेऊन आले. इफ्ताह आधी लढत नाही, दूत पाठवतो. अम्मोन्यांचा राजा म्हणतो, आर्णोनपासून यब्बोकपर्यंतची जमीन आमची होती, ती परत द्या. इफ्ताह उत्तर पाठवतो ते शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात सविस्तर आहे: कोण कुठून आलं, कुणी कुणाला वाट दिली नाही, जमीन कुणाकडून जिंकली, आणि तीनशे वर्षं आम्ही इथं राहतोय, इतके दिवस तुम्ही का गप्प होता? जगातलं हे एक जुनं सीमाप्रश्नाचं प्रतिज्ञापत्रच म्हणायचं. आमच्याकडे दोन्ही बाजू शिलालेख काढतात, त्यानं तीनशे वर्षांचा कब्जा काढला. राजानं ऐकलं नाही. युद्ध झालं, इफ्ताह जिंकला, आणि जिंकण्यासाठी केलेल्या नवसापायी पोटची पोर गमावून बसला.

आणि मग ते नदीचे उतार. विजयानंतर एफ्राइमचे लोक भांडायला आले, आम्हाला लढाईला का बोलावलं नाही म्हणून. त्यात त्यांचा पराभव झाला. पळणारे यार्देनच्या उतारावर आले तेव्हा गिलादकरांनी नाकेबंदी केली होती. प्रत्येकाला एकच शब्द म्हणायला लावायचे, शिब्बोलेथ. एफ्राइमच्या माणसाला 'श' म्हणता येत नसे, तो 'सिब्बोलेथ' म्हणायचा. तिथंच त्याला धरून मारायचे. ग्रंथात आकडा आहे बेचाळीस हजार.

ही गोष्ट वाचताना मला नेहमी दूधगंगेवरचा पूल दिसतो. कागल सोडलं की नदी, नदीपलीकडे कोगनोळीचा नाका. तणाव वाढला की दोन्हीकडच्या एसट्या अलीकडे-पलीकडे थांबतात, आणि मधल्या रस्त्यावर माणसं बोचकी घेऊन चालत सुटतात. तिथं कुणी कुणाला मारत नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. तरी आपण कुठल्या भाषेत तोंड उघडायचं याचा क्षणभर विचार तिथं प्रत्येक जण करतो. आमच्यातले बरेचसे दोन्हीत उघडू शकतात, ही गोष्ट वेगळी.

एक बारीक गोष्ट इथं थांबून पाहण्यासारखी आहे. ग्रीकमध्ये 'श' नाही. जुना करार ग्रीकमध्ये गेला तेव्हा या उताऱ्याची मोठीच पंचाईत झाली, कारण ज्या फरकावर माणसं मेली तो फरकच लिहिता येईना. ग्रीक-लॅटिनमार्गे युरोपात पोचलेल्या नावांतून 'श' असाच झिजून गेला. शलमोनाचा सॉलोमन झाला, शमशोनाचा सॅमसन, शोमरोनचं समारिया. मराठी बायबल मात्र मोशे म्हणतं, शलमोन म्हणतं, येशू म्हणतं. भाषांतरकारांनी इब्रीचा कान धरून ठेवला. पंडिता रमाबाईंनी तर सोप्या मराठीत स्वतंत्र भाषांतर करण्यासाठी इब्री आणि ग्रीक दोन्हींचा अभ्यास केला. त्या 1922 मध्ये गेल्या आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून तो संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. त्यांचा जन्म गंगामूळचा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीतला. म्हणजे बाबा पदमनजी काय आणि रमाबाई काय, मराठीत ख्रिस्ताविषयी लिहिणारी ही दोन मोठी माणसं आजच्या नकाशाप्रमाणे कर्नाटकात जन्मली.

आता बेळगावातली गंमत पाहा. मराठी ख्रिस्ती माणूस म्हणतो येशू. कन्नड ख्रिस्ती माणूस म्हणतो येसु. कोंकणी बोलणारा कॅथलिक म्हणतो जेजू, कारण त्याच्याकडे हे नाव पोर्तुगिजांच्या वाटेनं आलं. एकाच शहरात एकाच देवाच्या नावाचे तीन उच्चार. गिलादचा शिपाई उतारावर उभा असता तर मराठी माणूस सुटला असता.

की नसता सुटला? आमच्या खेड्यातला माणूस शाळेला साळा म्हणतो, शेताला सेत म्हणतो. मास्तरांची पट्टी हातावर बसायची ती याच 'श'साठी. उतारावर आमचा शेतकरी आला असता तर त्याचंही 'सिब्बोलेथ'च झालं असतं. पुण्यातल्या त्या बाई आणि यार्देनवरचे शिपाई यांत हत्यारांचा फरक आहे, आणि तो काही थोडाथोडका नाही. पण कान तोच.

एफ्राइम आणि गिलाद हे परके नव्हतेच. एफ्राइम हा योसेफाचा धाकटा मुलगा, मनश्शे थोरला. गिलाद मनश्शेचा नातू. उतारावर मारणारे आणि मरणारे एकाच योसेफाच्या वंशातले, चुलत घराण्यातले. अम्मोन्याला ओळखायला शब्द लागला नसता, तो दुरूनच कळला असता. शब्द लागतो तो आपल्यासारखाच दिसणारा, आपलाच देव पुजणारा, आपलंच अन्न खाणारा माणूस वेगळा काढायचा असतो तेव्हा. आमच्या भागात ज्वारीची भाकरी, अंबाबाई आणि यल्लम्मा, उसाचा फड आणि तंबाखूची वखार यांवरून कोण कुठला ते सांगता येत नाही. म्हणून भाषा पुढं येते, आणि जेवढी माणसं सारखी तेवढी ती जास्त धारदार करावी लागते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मराठीत शिकायचा, मराठीत अर्ज करायचा हक्क मागणारे माझे लोक मला योग्यच वाटतात. मात्र हक्क मागणं वेगळं आणि उतारावर उभं राहणं वेगळं. त्या दोन्हींमधलं अंतर आम्हाला दर वर्षी नव्यानं मोजावं लागतं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट याच नकाशावरची आहे. शोमरोन मध्ये, वर गालील, खाली यहूदा, आणि देऊळ कुठलं खरं, गरिज्जीमच्या डोंगरावरचं की यरुशलेमेतलं, यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. आज 'चांगला शोमरोनी' म्हणजे परोपकारी माणूस असं झालंय, आणि त्या शब्दातला काटाच गेलाय. मूळ ऐकणाऱ्यांना तो टोचला होता. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला दोघे ओलांडून गेले, तिसऱ्या शोमरोन्यानं उचललं, ही गोष्ट सांगून शेवटी येशू शास्त्र्याला विचारतो, या तिघांत शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर देतो, ज्यानं दया केली तो. 'शोमरोनी' हा शब्द त्याच्या तोंडातून बाहेरच पडत नाही. बेळगावात ही गोष्ट सांगायची तर शोमरोन्याच्या जागी कोण घालायचा, हे सांगणाऱ्याच्या मातृभाषेवर ठरेल, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा त्या एका शब्दाला बदलला नाही तर गोष्ट चुकीची सांगितली असं समजावं.

शिब्बोलेथ या शब्दाचा अर्थ मी अजून सांगितला नाही. कणीस. ओढा असाही एक अर्थ लावतात, पण कणीस हा अर्थ पक्का आहे, कारण हाच शब्द आणखी एका गोष्टीत येतो. ती रूथची गोष्ट.

रूथ मवाबची. मवाब म्हणजे पलीकडचा मुलूख, आणि मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये असं नियमशास्त्रात लिहिलेलं. मवाबी भाषा मात्र इब्रीच्या इतकी जवळची, की 1868 मध्ये सापडलेला मेशा राजाचा शिलालेख इब्रीच्या अभ्यासकांना फारसा अडला नाही. मराठी-कोंकणीसारखंच काहीतरी असणार. दुष्काळात बेथलेहेमचं एक कुटुंब मवाबला जाऊन राहिलं, तिथं सासरा गेला, मुलांनी तिथल्या मुली केल्या, मग मुलगेही गेले. सासू नामी परत निघाली तेव्हा रूथ तिच्या मागं लागली आणि मागं फिरेना.

ही गोष्ट मला बायबलमधली सगळ्यात सीमाभागातली वाटते, कारण सीमा रोज ओलांडतात त्या आमच्याकडे बायकाच. निपाणीची लेक गडहिंग्लजला, कागलची चिकोडीला. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या. माझ्या मावशीचं रेशनकार्ड एका सरकारचं आणि तिच्या आईचं दुसऱ्या सरकारचं. सोयरीक जुळवताना पत्रिका पाहतील, पाहुणे कसे आहेत ते पाहतील, राज्य कुणी पाहत नाही.

बेथलेहेमला सातूची कापणी चालू होती. रूथ सासूला म्हणाली, मी कुणाच्या तरी शेतात कणसं वेचायला जातो. मूळ इब्रीत या क्रियापदावरून बाई बोलतेय की पुरुष हे कळत नाही. आमच्याकडची रूथ असती तर 'जातो'च म्हणाली असती. इथं कणसांसाठी जो शब्द आहे तो तोच, शिब्बोलेथचं अनेकवचन. नदीच्या उतारावर ज्याला परीक्षेचा शब्द केला तो शेतात नुसता धान्याचा आहे. एका परक्या बाईच्या तोंडी तो आला आणि तिचा उच्चार कसा होता याची कुणी दखल घेतली नाही.

कापणाऱ्यांच्या मागं पडलेली कणसं वेचणं म्हणजे सरवा. भुईमूग काढून झाला की आमच्या शिवारातही बायका मातीत राहिलेल्या शेंगा वेचत फिरतात. लेवीयच्या पुस्तकातला कायदा असा, की शेताचा कोपरा कापू नये, पडलेलं उचलू नये, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी. मराठी बायबलमधला हा 'उपरी' शब्द मला फार अचूक वाटतो. जुन्या महसुलाच्या दप्तरात मिरासदार आणि उपरी अशी रयतेची वाटणी असे. मिरासदाराचा जमिनीवर पिढीजात हक्क, उपरी बाहेरून येऊन कसणारा. भाषांतरकारानं गावच्या चावडीतला शब्द उचलून मोशेच्या नियमशास्त्रात ठेवला.

रूथ वेचत होती ते शेत बवाज नावाच्या माणसाचं. त्याचा मुकादम रूथची ओळख 'ती मवाबी पोरगी' अशीच करून देतो. गोष्टीत तिच्या नावाला मवाबी हे विशेषण शेवटपर्यंत चिकटून राहतं, ती दावीद राजाची पणजी होणार असूनही. दुपारी बवाजनं तिला जेवायला बोलावलं, शिरक्यात भाकर बुडवायला सांगितलं, भाजलेले दाणे हातात दिले. आपण त्याला हुरडा म्हणू. ती पोटभर जेवली आणि उरलेला हुरडा तिनं ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत वेचलं, झोडपलं, तर एफाभर सातू निघाला. तो घेऊन ती गावात आली, आणि ठेवलेला हुरडा तिनं सासूपुढं काढला. सासूनं आधी विचारलं, आज कुणाच्या रानात होतीस गं?