टाकणे आणि देणे

आपली दिवाळी माणसांपासून सुरू होत नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती सुरू होते वसुबारसेला, गाय-वासरापासून. अभ्यंगाचे तेल तापण्यापूर्वी घरातल्या बायका सवत्स धेनूची पूजा करतात. ज्या मुक्या जीवांवर घर चालते त्यांचा मान पहिला, असा हा सरळ हिशेब. आता पुष्कळांचे गोठे गेले. त्यांच्या जागी कुत्री आणि मांजरे आली. त्यांच्यावर घर चालत नाही, तीच घरावर चालतात. तरी दाराच्या आत घेतलेल्या मुक्या जीवाचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न काही गोठ्याबरोबर गेला नाही.

तो प्रश्न विशेषेकरून अडतो तो एका जागी. पाळलेले जनावर दुसऱ्याला देणे हे पाप आहे काय?

बदली होते, घरमालक जागा सोडायला सांगतो, तान्ह्या मुलाला दमा जडतो, म्हातारपणी स्वतःचेच स्वतःला होत नाही. कारणे खोटी नसतात. पण अशा वेळी सल्ला देणारे दोन पक्ष भेटतात. पहिला म्हणतो, 'शेवटी जनावरच ते!' हा पक्ष मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो आणि ते आठ दिवसांनी परत आले तर त्याच्या हुशारीचे कौतुकही करतो. दुसरा पक्ष म्हणतो, 'एकदा आणलेत ना? मग मरेपर्यंत सांभाळा.' या पक्षाच्या बाजूला साक्षात धर्मराज उभा आहे. इंद्राचा रथ समोर असताना, बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला त्याने नकार दिला.

परंतु महाप्रस्थानाची ती कथा नीट पाहावी. त्या हिमालयात कुत्र्याला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. भाऊ आणि पत्नी वाटेतच पडलेली. रथात चढणे म्हणजे त्या जिवाला एकटे सोडणे, एवढाच अर्थ होता. युधिष्ठिराने नाकारले ते टाकणे. वाटेत एखाद्या ऋषीची पर्णकुटी असती, आणि कुत्रा तिथे सुखाने राहिला असता, तर धर्मराज काय म्हणाला असता? हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. आपल्याला मात्र रोज विचारला जातो.

कायद्यानेही हा भेद केला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. सबळ कारणावाचून एखाद्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा त्यात गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. टाकण्याची किंमत ही एवढी. देण्याची किंमत याहून जबर असते, हे मी जवळून पाहिले आहे.

आमच्या आळीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचा मोती नावाचा कुत्रा होता. नऊ वर्षांचा, गावठी. पत्नी गेल्यावर घरात तो आणि ते. पुढे दृष्टी अधू झाली आणि मुलीने त्यांना शहरात नेण्याचे ठरवले. तिच्या धाकट्या मुलाला दम्याचा त्रास. कुत्रा नेणे शक्य नव्हते. पोस्टमास्तरांनी दोन महिने घर शोधले. एकाला नाही म्हणाले, कारण तो कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधणार होता. शेवटी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील तयार झाले. त्यांचा म्हशींचा गोठा आहे. पोस्टमास्तरांनी एका कागदावर सगळे लिहून दिले: दुधात कुस्करलेली भाकरी खातो, ढग गडगडले की खाटेखाली शिरतो, डाव्या कानाला हात लावला तर चावतो. चावण्याची गोष्ट त्यांनी सर्वांत वर लिहिली होती.

मोतीने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. चौथ्या दिवशी खाल्ले. मी ते सांगायला गेलो तेव्हा पोस्टमास्तर हसले, आणि मग बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "मास्तर, जाऊन भेटावेसे फार वाटते. पण ती भेट माझ्यासाठी होईल, त्याच्यासाठी नव्हे. त्याने मला विसरायला हवे."

आपल्या भाषेत त्याग हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. कर्तव्य सोडून पळणे हाही त्याग, आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी आपली प्रिय वस्तू सोडणे हाही त्याग. बाहेरून कृती सारखीच दिसते. मग ओळखायचे कसे? मला वाटते, दुःख कोणाच्या वाट्याला गेले ते पाहावे. टाकणारा मोकळा होतो आणि दुःख जनावर भोगते. देणारा शक्य तेवढे दुःख स्वतःकडे ठेवून घेतो. तो नवे घर आधी पाहून येतो, अवगुण लपवत नाही, आणि तिथे जमले नाही तर पुन्हा दुसरे घर शोधण्याची तयारी ठेवतो. हे सारे करणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. त्याने नऊ वर्षांचे कर्तव्य शेवटास नेले असे म्हणेन.

आता घेणाऱ्याविषयी. हल्ली कुत्रे 'दत्तक' घेतले असे म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण वजनदार आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर झालेले दत्तविधान आईबापांना मागाहून रद्द करता येत नाही. कुत्र्याच्या बाबतीत कायदा एवढा कडक नाही. म्हणून मनाने कडक व्हावे. शिवाय पूर्वी दत्तक घेत तो बहुधा घेणाऱ्याच्या गरजेपोटी. वंश चालावा, पिंडाला कोणी असावे. नऊ वर्षांचा गावठी कुत्रा काय चालवणार? पिलू सर्वांनाच हवे असते, कारण ते आपल्याच हाताखाली घडते. वयात आलेले जनावर घेणे म्हणजे त्याचा गतकाळही घेणे: त्याची भीती, त्याच्या खोडी, दुसऱ्याच कोणाची तरी वाट पाहणारे त्याचे डोळे. ते डोळे आपल्याकडे वळेपर्यंत धीर धरणे, हा या दत्तविधानातला खरा होम.

या दिवाळीत फटाक्यांचा आवाज सुरू झाला म्हणजे अनेक घरांत एखादा मोती खाटेखाली शिरेल. त्याला ओढून बाहेर काढू नका. दार लोटून घ्या, पाण्याचे भांडे जवळ सरकवा आणि थोडा वेळ शेजारी जमिनीवर बसा. घर बदललेल्या जिवाला 'हे तुझेच आहे' असे सांगण्याची याहून सोपी भाषा मला ठाऊक नाही.