सांधा

माणूस मोडला की शेवटचा घाव शोधला जातो. ग्रिफिथ या अभियंत्याने काच का मोडते याचा शोध उलट्या बाजूने घेतला. त्याच्या १९२१ च्या निबंधात उत्तर आहे: काच जोरापुढे हरते ती तिच्यात आधीपासून असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांमुळे. घावाची तारीख सांगता येते. चिरेची कुणालाच सांगता येत नाही.

वस्तू कशी मोडेल हे संगणकाकडून काढायचे, तर त्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवावी लागते. एकजिनसी, निर्दोष पट्टी ताणायला दिली, तर ताण सगळीकडे सारखा वाढतो आणि तडा कुठून सुरू करावा हे गणिताला ठरवता येत नाही. मग कुठे तरी दोष पेरावा लागतो. ज्याचे उणे ठाऊक नाही, त्याच्याविषयी काहीच सांगता येत नाही.

गणनेसाठी वस्तूवर लहान घरांची जाळी आखतात; जुन्या पद्धतीत तडा त्या जाळीच्या कडांवरूनच चालायचा. १९९९ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत तडा जाळीचे घर चिरूनही जाऊ शकतो. दुसऱ्याच्या पडझडीचे आपले अंदाज अजून कडांवरूनच चालतात.

कार्बनचा तंतू सुमारे सात मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. काचेसारखा तोही ठिसूळ. त्याला धरणारी इपॉक्सी राळही ठिसूळच. दोन ठिसूळ वस्तू एकत्र येऊन चिवट होतात, आणि तो चिवटपणा त्यांच्या सांध्यात असतो. कुक आणि गॉर्डन यांनी १९६४ मध्ये त्याचे कारण मांडले. तड्याच्या पुढे, त्याच्याच दिशेने ओढणारा एक ताण असतो. मुख्य ताणाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचा. सांधा पुरेसा हळवा असेल, तर तडा पोचण्याआधीच तो उघडतो. तडा त्या फटीत येऊन पडतो, टोक बोथट होते, वाट आडवी वळते. सांधा फार पक्का असला, तर तडा राळेतून तंतूत आणि तंतूतून पुढच्या तंतूत सरळ जातो. फार कच्चा असला, तर एकाचा भार दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही.

घट्ट बांधलेल्या घरांचे कौतुक मी पुष्कळ वर्षे केले. एकाला गेलेला तडा त्याच दुपारी सगळ्यांतून आरपार गेलेला पाहिला, तेव्हा ते थांबले. थोडे सुटे राहण्याची मुभा जिथे असते, तिथे दुःख वळणे घेत जाते आणि वाटेत विरते.

सगळ्यांचे लक्ष तड्याच्या टोकाकडे असते. पाहावे त्याच्या मागे. तिथे न तुटलेले काही तंतू दोन्ही काठ धरून असतात. ते राळेतून सावकाश उपसून येतात, घासतात, आणि त्या घासण्यात तड्याचा जोर खर्च होतो. गणनेत त्यांना वेगळे स्थान द्यावे लागते. ते गाळले, तर पडद्यावरची वस्तू खऱ्या वस्तूच्या आधी मोडते.