शस्त्राचे माप

शस्त्र बाळगावे की बाळगू नये, या प्रश्नाची चर्चा ख्रिस्तसभेत सोळाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. बाळगायचेच ठरले तर ते कोणते असावे, त्याच्या नळीची रुंदी किती असावी, एकामागून एक किती गोळ्या त्यातून सुटाव्यात, हे प्रश्न मात्र नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीत. ते बंदुका विकणाऱ्याचे प्रश्न मानले जातात. आम्हांला मात्र असे वाटू लागले आहे की, शस्त्र बाळगण्यास 'होय' म्हणणाऱ्या सज्जन माणसाची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नापाशीच होते.

साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव 'मिलिटरी' या बिरुदानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. पेन्शनीवर आलेला हवालदार पुण्या-मुंबईच्या बँकेच्या दारात स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक घेऊन उभा राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जे गावीच राहतात त्यांची घरे पुष्कळदा मळ्यात, वस्तीवर असतात. उसाच्या फडात बिबट्या व्यालेला असतो, पाटण-शिराळ्याच्या डोंगरकडेला रानडुकरे आणि गवे उभे पीक लोळवतात, आणि रात्री हाक मारली तर शेजाऱ्याच्या कानी जाईलच याची खात्री नसते.

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त सुभेदार अशाच वस्तीवर राहतात. भरती झाल्यावर त्यांच्या हाती प्रथम आली ती ७.६२ मिलिमीटरची 'एसएलआर', म्हणजे गोळी सुटताच दुसरी आपोआप नळीत येणारी अर्धस्वयंचलित रायफल. "फादर, आयुष्यभर रायफल हाताळली, पण स्वतःची अशी एकही नाही. आता घ्यायची म्हणतो, आणि घ्यायची तर ओळखीचीच," असे ते म्हणाले. यात पाप आहे का, एवढेच त्यांना आमच्याकडून हवे होते.

ओळखीची रायफल त्यांना मिळणार नाही, हे उत्तर कायद्याने आधीच दिलेले आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार अर्धस्वयंचलित शस्त्रे, थोडे अपवाद सोडता, 'निषिद्ध' वर्गात मोडतात. ७.६२ मिलिमीटर किंवा जुनी थ्री-नॉट-थ्री यांची लष्करी काडतुसे ज्यात बसतील अशी कोणतीही रायफल त्याच वर्गात येते, मग ती बोल्ट हाताने ओढण्याची का असेना. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर सामान्य माणसाला मिळते ती ०.३१५ बोअरची बोल्टची रायफल, ०.२२ ची हलकी रायफल, बारा बोअरची बंदूक, आणि अशीच आणखी काही. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशी दोनच शस्त्रे एका माणसाला बाळगता येतात.

पण कायद्याचे हे माप नीतीचे माप आहे असे कोणी समजू नये. ०.३१५ ची गोळी मारक शक्तीत ७.६२ च्या गोळीहून फारशी सौम्य नाही. मग एक निषिद्ध आणि दुसरी परवान्याची, असे का? कारण इतके साधे की ते प्रथम कळले तेव्हा आम्हांला हसू आले. लष्कराच्या कोठारातून चोरलेले काडतूस प्रजेच्या बंदुकीत बसू नये, एवढीच ही काळजी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने साहेबाने हिंदी माणसाला परवान्याला बांधले आणि युरोपियनांना सूट ठेवली. आपल्याच हिंदी पोलिसांवरही त्याचा विश्वास नव्हता. त्यांच्यासाठी थ्री-नॉट-थ्रीची नळी गुळगुळीत व रुंद करून, एका वेळी एकच काडतूस घेणारी ०.४१० ची मस्केट तयार करण्यात आली. कोणाच्या हाती किती गोळ्या द्यायच्या याचे गणित सरकारने फार पूर्वीच मांडले होते, पण ते स्वतःच्या भयापोटी मांडले होते. शेजाऱ्याच्या जिवाची चिंता त्यात नव्हती.

या भयाला कारणही होते. सांगली अजून वेगळा जिल्हा झालेली नव्हती, त्या काळातील साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी लुटण्यात आली. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन निसटले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी मारले गेले, दादांना गोळी लागली. या परिसरात शस्त्राला जी प्रतिष्ठा आहे ती या आठवणींतून आलेली आहे, आणि ती खोटी नाही. मात्र ते शस्त्र एका समूहाचे होते, उघड हेतूचे होते आणि कोणाच्या तरी हुकमाखाली होते. उशाशी ठेवलेली बंदूक ही त्याहून वेगळी वस्तू आहे. तिच्यावर हुकूम कोणाचाच नसतो.

येथे आपण धर्मवेत्त्यांकडे वळू. निर्गमाच्या पुस्तकातील एक नियम फार कमी वाचला जातो. रात्री घर फोडताना चोर सापडला व मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर असे घडले तर दोष आहे. त्या जुन्या काळच्या शास्त्याला कळले होते की अंधारात माणूस हेतू ओळखू शकत नाही, आणि दिसू लागल्यावर त्याची सबब संपते. चौथ्या शतकात संत अँब्रोज याहून कठोर झाले. सशस्त्र दरोडेखोराने वार केला तरी सुज्ञ ख्रिस्ती माणसाने उलट वार करू नये, नाहीतर जीव राखताना प्रीती डागाळते, असे त्यांचे मत. संत ऑगस्टीन यांनी पुब्लिकोला याला लिहिलेल्या पत्रात एक रेषा आखली : स्वतःला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारणे त्यांना मान्य नव्हते, मात्र सैनिक किंवा लोकांच्या वतीने अधिकार चालवणारा माणूस त्यांनी त्यातून वगळला. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात वाट थोडी रुंद केली. स्वसंरक्षणाच्या एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, स्वतःचा जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जाणे. पहिला हेतू असेल तर कृती निषिद्ध नाही. पण बळ गरजेपेक्षा अधिक वापरले तर ती अयोग्य ठरते. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने हेच स्वीकारले आणि पुढे म्हटले की, ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी असे संरक्षण हे गंभीर कर्तव्यही असू शकते.

सेमिनरीत आम्हांला हे सर्व शिकवले गेले. पण 'गरजेपेक्षा अधिक नको' हे माप लावायचे केव्हा, याचा विचार त्या वर्गात फारसा झाला नाही. रात्री दोन वाजता, कुत्रे भुंकत असताना, अर्धवट झोपेत, थरथरत्या हाताने कोण काय मोजणार? त्या क्षणी माणूस हाती असेल तेवढे सगळे बळ वापरतो. म्हणून अक्वायनसचे माप त्या रात्री लावता येत नाही; ते आधीच, भरदिवसा, दुकानाच्या काउंटरवर लावावे लागते. बोअर निवडणे हीच ती नैतिक कृती आहे. चाप ओढणे हा तिचा पुढचा, बराचसा पराधीन भाग आहे.

तेव्हा बोअरचे आकडे धर्मगुरूनेही समजून घ्यावेत. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी नळी. तिच्यातून बारीक छर्रे मारले तर ते दोन-तीनशे मीटरच्या आत जमिनीवर पडतात. ०.२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास भरते. शहरी माणूस तिला खेळणे समजतो, परंतु तीही किलोमीटरभर अंतरावर जीव घेऊ शकते. ७.६२ च्या गोळीची शक्ती तिच्या वीसपटीहून अधिक. ती तीन किलोमीटरपलीकडेही घातक ठरते, आणि पत्र्याची भिंत तिला भिंत वाटतच नाही. आपल्या वस्त्या पत्र्याच्या आणि कच्च्या विटांच्या आहेत. सुभेदारांच्या अंगणातून झाडलेली, नेम चुकलेली अशी गोळी पलीकडच्या वस्तीवर निजलेल्या मुलापर्यंत पोहोचेल. या मुलाने घर फोडलेले नाही. दोन परिणामांच्या सिद्धांतात त्याला जागाच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बोल्टच्या रायफलीत एका गोळीनंतर दांडा उचलावा लागतो, मागे ओढावा लागतो, पुढे ढकलून खाली पाडावा लागतो. त्याला सेकंद-दीड सेकंद जातो. अर्धस्वयंचलित रायफल हा वेळ वाचवते, आणि रणांगणावर त्या वाचलेल्या वेळाची किंमत मोठी आहे. घरात मात्र त्या दीड सेकंदात 'अहो, मी आहे' अशी ओळखीची हाक ऐकू येऊ शकते. चोर पळू लागला हे दिसू शकते, म्हणजे निर्गमातील सूर्य उगवू शकतो. तांत्रिकदृष्ट्या जो दोष, तोच येथे गुण. खेळातही लोक या विलंबाशी मैत्री करतात. शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली जागतिक अजिंक्यपद मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते दोन्ही ५० मीटरच्या ०.२२ रायफलीने, प्रत्येक गोळी हाताने भरून.

या विलंबाचा आणखी एक अर्थ आहे, तो थोडक्यात सांगतो. बंदूक घरात आली की ती घरातल्या सर्वांच्या जवळ येते. कर्जाने खचलेल्या भावाच्या, परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्याही. निराशेचा कडेलोट पुष्कळदा तासाभराचा असतो, आणि त्या तासात हाताशी काय होते यावर एखाद्याचे सगळे पुढचे आयुष्य अवलंबून राहते.

सुभेदारांनी आमचे सगळे ऐकले आणि सैनिकाला शोभेल असा प्रश्न केला. "आणि चार जण आले तर, फादर? घरात म्हातारी आई आहे." हा प्रश्न उडवून लावण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो कर्तव्याचा प्रश्न आहे आणि धर्मशिक्षणग्रंथ त्यांच्या बाजूने उभा आहे. अँब्रोज स्वतःच्या जिवावर उदार होऊ शकले. दुसऱ्याच्या आईच्या जिवावर उदार होण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. आम्ही एवढेच विचारले की, पलटणीत रायफल रात्री कोठे असे. ते म्हणाले, कोतात, कुलपात. चांदमारीच्या दिवशी गोळ्या मोजून मिळत, रिकामी काडतुसेसुद्धा मोजून परत द्यावी लागत. पहाऱ्यावरचा जवान आधी 'थम, कौन आता है' असे ओरडे. म्हणजे ज्या रायफलीची त्यांना ओढ होती तिच्याभोवती एक अख्खी शिस्त उभी होती, आणि ऑगस्टीननी सैनिकाला वगळले ते या शिस्तीमुळेच. निवृत्त होताना ती शिस्त पलटणीत राहिली. रायफल तेवढी घरी आणायची होती.

रानडुकरांबाबत त्यांचा गैरसमज मात्र दूर करावा लागला. शस्त्राचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते.

आमचे मत विचारले म्हणून आम्ही दिले. प्रथम दार, दिवा आणि कुत्रा. मग पलीकडच्या वस्तीशी ठरवलेली खूण. आणि तरीही मन मानत नसेल तर बारा बोअरची साधी बंदूक, काडतुसे वेगळ्या कुलपात. "मग कुत्राच बरा," असे म्हणून ते हसले, पण अर्ज त्यांनी केला आहे, बारा बोअरसाठी. कोताची किल्ली पलटणीत कोणाकडे असे हे त्यांना पाठ आहे. घरच्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार, असे त्यांच्या पत्नीने परवा आमच्यासमोरच विचारले. त्यावर दोघांचे बोलणे अजून चालू आहे.