दुसऱ्याच्या हातांतलें शस्त्र

10 नोव्हेंबर 1659 रोजीं प्रतापगडाखालीं शिवाजी महाराज अफझलखानास भेटावयास निघाले, तेव्हां अंगांत चिलखत, डोक्यास जिरेटोप व हातांत वाघनखें हा सरंजाम त्यांनीं विचारपूर्वक निवडला होता, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. 2024 सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून कांहीं काळापुरतीं साताऱ्यास आलेलीं वाघनखें आम्हींही पाहिलीं. तीं तींच कीं दुसरीं, हें निश्चित सिद्ध करतां येत नाहीं, असें त्या संग्रहालयाचेंही म्हणणें आहे. तो वाद येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. आमचें मन निराळ्याच गोष्टीवर खिळलें. प्रतापगडाखालीं शस्त्र निवडणारा आणि तें घेऊन संकटांत शिरणारा हे दोघे एकच होते. निवड चुकती, तर प्राण निवडणाऱ्याचेच जाते.

साताऱ्याहून आम्ही सांगलीस बहिणीकडे गेलों. सांगली हें भाऊसाहेब पडसलगीकरांचें आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचें गांव; पण आमचे भाचे पट सोडून संगणकावर मध्ययुगीन लढाई खेळत बसले होते. या खेळांत खेळणारा सेनापति असतो. ठराविक मोहरा मिळतात; त्यांतून आपल्या शिपायांस तो भाले, तरवारी, ढाली घेऊन देतो. पुढें ते शिपाई संगणकाच्या आज्ञेनें आपोआप लढतात. चिरंजिवांनीं आघाडीच्या शंभर जणांस नुसते भाले दिले होते, ढाली मुळींच नव्हत्या. उरलेली सारी रक्कम पिछाडीच्या चिलखती स्वारांवर खर्च केली होती. शत्रूचे बाण आघाडीवर संपले, स्वार ताजेतवाने निघाले आणि लढाई जिंकली!

"त्यांना ढाली कां नाहीं दिल्यास?" आम्हीं विचारलें.

"ढालीला पैसे पडतात, मामा. आणि ते थोडेच मागणार आहेत?"

उत्तर बिनतोड होतें. तरीपण तें मनांतून जाईना.

बुद्धिबळांतही प्यादें मरतें, मग येथेंच एवढें काय बिघडलें, असें कोणी विचारील. परंतु बुद्धिबळांत प्याद्याचें बळ नियमानेंच ठरलेलें आणि दोन्ही पक्षांस सारखें असतें; खेळणारा तें देत नाहीं आणि काढूनही घेत नाहीं. या नव्या खेळांत मात्र कोणास ढाल मिळावी हें खेळणाराच ठरवितो. पडद्यावरील चित्रांस वेदना नाहींत, तेव्हां मुलाच्या हातून पाप घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. चित्रें खोटीं आहेत. हिशेब मात्र खरा आहे, आणि तो पडद्याबाहेरही चालतो.

मराठी फौजेंत शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारें घेऊन चाकरीस येई; बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी महाराजांची व्यवस्था होती. घोडा सरकारचा असला तरी बारगिराची जीभ त्याची स्वतःची होती. घोडा लंगडा आहे, हें तो हवालदारास सांगूं शकत होता. न मागणारा शिपाई मिळाला, कीं देणाऱ्यावरचा हा अंकुश सुटतो. मग शंभर माणसें उरत नाहींत. शंभर भाले उरतात.

ही अतिशयोक्ति वाटत असेल त्यानें गळिताच्या हंगामांत सातारा-सांगलीच्या शिवारांत जावें. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोडीस जोडपीं येतात. उचल देणाऱ्याच्या भाषेंत नवराबायको मिळून 'एक कोयता' होतो. किती माणसें आलीं असें कोणी पुसत नाहीं, किती कोयते आले असें पुसतात. कोयत्यास ताप येत नाहीं, कोयता बाळंत होत नाहीं. म्हणून त्या वहींत या गोष्टींस रकाना नसतो. तें नांव कोणीं दुष्टपणानें ठेवलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मोजण्यास सोईचें म्हणून तें रूढ झालें, आणि त्या सोईची साखर आम्ही रोज सकाळीं चहांत ढवळतों.

आम्ही हें सांगूं लागलों तेव्हां भाच्यानें विचारलें, "मग मी हरूं काय?"

प्रश्न रास्त होता. सेनापतीस कोणास तरी पुढें ठेवावेंच लागतें. त्यांतून सुटका नाहीं. परंतु ज्यास पुढें ठेवावयाचें, त्याची ढाल स्वारांच्या भारी चिलखतांआधीं घ्यावी. तो मागत नसेल, तर त्याच्या वतीनें आपण स्वतःजवळ मागावी. तेवढ्यानें लढाई महाग पडेल. कदाचित् हरावीही लागेल. परंतु ती माणसांची लढाई असेल, भाल्यांची नव्हे. एवढें उत्तर आम्हीं दिलें. तें त्यास पटलें कीं नाहीं, न कळे. आम्हांस स्वतःस मात्र त्या संध्याकाळचा चहा गोड लागला नाहीं.