केशेर : गाठ कोणाची, कट कोणाचा?

हिब्रू बायबलात कटासाठी ‘केशेर’ हा शब्द येतो. त्याचा धातू साधा आहे: बांधणे. आज्ञा हाताला बांधाव्यात असे ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगते तेव्हा हाच धातू, आणि योनाथानाचा जीव दाविदाच्या जिवाशी जडला असे ‘१ शमुवेल’ सांगतो तेव्हाही हाच. पुढे त्याच पुस्तकात शौल राजा सेवकांवर केशेरचा आरोप करतो. कारण काय, तर त्याच्या मुलाने, म्हणजे याच योनाथानाने, दाविदाशी करार केल्याचे त्याला कोणी कळवले नाही. म्हणजे मैत्रीची जी गाठ, तीच गादीवरून कट दिसते. अथल्येचे उदाहरण तर याहून बोलके आहे. राजवंशाची कत्तल करून तिने राज्य बळकावले. सहा वर्षे लपवून ठेवलेल्या खऱ्या वारसाला, योवाशाला, मंदिरात मुकुट घातला गेला, तेव्हा वस्त्रे फाडून ‘केशेर, केशेर’ ओरडली ती तीच. आमोस संदेष्ट्यामागे ना फौज ना टोळी, तरी बेथेलच्या याजकाने त्याच्यावर हाच आरोप राजाला कळवला. शब्द दोष सिद्ध करत नाही. तो उच्चारणाऱ्याची धास्ती सांगतो.

यावर आक्षेप येईल की निवेदकही हा शब्द वापरतो. जिम्री, शल्लूम यांचे कट खरेच घडले, राजे मारले गेले. बरोबर आहे. पण येहूसाठीही तोच शब्द आहे, आणि त्याला तर संदेष्ट्याच्या सांगण्यावरून अभिषेक झाला होता. धन्याविरुद्ध कट केल्याचे तो स्वतः लोकांसमोर कबूल करतो. तेव्हा घडलेल्या घटनेलाही हा शब्द नाव देतो, निवाडा देत नाही.

खरी कसोटी यशयाच्या आठव्या अध्यायात आहे. इ.स.पू. ७३४च्या सुमारास अरामाचा रसीन आणि इस्राएलाचा पेकह यहूदाच्या आहाज राजावर चालून आले. लोक ज्याला केशेर म्हणतात त्याला तुम्ही तसे म्हणू नका, अशी ताकीद यशयाला मिळाली. ग्रीक भाषांतरकारांनी इथे ‘कठीण’ असा अर्थ घेतला. बहुधा त्यांनी शब्द वेगळा वाचला. पुढच्या ओळीत देवाला पवित्र मानण्याची आज्ञा आहे, म्हणून काही अभ्यासक मूळ शब्दच ‘पवित्र’ असा दुरुस्त करतात. ही दुरुस्ती मला अनावश्यक वाटते. १६११च्या इंग्रजी बायबलाने ‘युती’ हा अर्थ घेतला. १८८५च्या सुधारित आवृत्तीत ‘कट’ आला. दोन राजांची युती तर उघड होती, तिला युती म्हणू नका असे कोण कशाला सांगेल? आहाजाच्या धोरणाला विरोध करणाऱ्यांवर फितुरीचा शिक्का बसत असावा, असे मानले तरच ताकिदीला धार येते. मराठीत ‘संधान बांधणे’ आणि ‘लागेबांधे’ यांत ती मूळ गाठ शिल्लक आहे, आणि संशयही. तरी या ओळीत ‘कट’च हवा, कारण इथे प्रश्न गाठीचा नाही, आरोपाचा आहे.