पोवाड्यात न मावणारी माणसं

लोणावळ्यात समुद्र नाही. तरीही भुशी धरणाकडे भिजायला आणि भजी खायला निघालेल्या गाड्यांना त्याच रस्त्यावर नौदलाचं फाटक लागतं: आयएनएस शिवाजी. हे केंद्र 1945 साली, इंग्रजी अमलातच सुरू झालं आणि त्याला नाव मिळालं ते शिवाजी महाराजांचं. साम्राज्याच्या नौदलाला हे नाव कसं पचलं, याचं मला अजून नवल वाटतं. नौदलाची इंजिनं चालवणारी, उघडणारी, जोडणारी माणसं तेव्हापासून इथं तयार होत आली. अणू, जैविक आणि रासायनिक हल्ल्यात जहाज कसं वाचवायचं तेही इथंच शिकवतात. 2019मध्ये त्यासाठी ‘अभेद्य’ ही खास सोय उभी राहिली. घाटमाथ्यावर बसून समुद्राची उठाठेव करणं मावळाला तसं नवं नाही. 1714च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांचा समेट झाला तो इथंच, वळवणला, आणि सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले.

पण कान्होजींचा पराक्रम पोवाड्यात गाता येतो. अणुपाणबुडीवर उमेदीची वर्षं घालवलेल्या अधिकाऱ्याचा गाणार कसा? बोट बुडी मारते, आठवडेच्या आठवडे कुणाला दिसत नाही, क्षेपणास्त्र नळीतून सुटत नाही, अणुभट्टी सांगितलं तेवढंच करते आणि सगळे घरी परततात. अशा काहीच न घडलेल्या सफरींची बेरीज म्हणजे त्याची कारकीर्द. जे थोडं घडतं ते सांगायची मुभा नसते. आपल्या हाती लागतात त्या मोजक्या तारखा. सोव्हिएत संघाकडून भाड्यानं घेतलेली पहिली ‘चक्र’ जानेवारी 1988 मध्ये आपल्या नौदलात आली, तीन वर्षं राहिली आणि परत गेली. तिचे पहिले कप्तान होते आर. एन. गणेश; पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल झाल्यावर स्वदेशी अणुपाणबुडीच्या प्रकल्पाची धुराही त्यांच्याकडे आली. ‘चक्र’ आली तेव्हा नौदलप्रमुख होते आपले जयंत नाडकर्णी. त्या स्वदेशी प्रकल्पातल्या ‘अरिहंत’चं जलावतरण 26 जुलै 2009 रोजी विशाखापट्टणमला झालं, तिची अणुभट्टी ऑगस्ट 2013 मध्ये कार्यान्वित झाली आणि तिची पहिली गस्त पूर्ण झाल्याचं 5 नोव्हेंबर 2018 रोजी जाहीर झालं. या तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत कितीतरी जणांची अख्खी नोकरी गेली. अणुभट्टीमागच्या शास्त्रज्ञांपैकी निदान अनिल काकोडकर हे नाव मराठी घरांत पोहोचलं. ती रोज सांभाळणाऱ्या इंजिनिअर अधिकाऱ्याचं नाव त्याच्या सोसायटीतही ठाऊक नसतं.

या पेशाला वळण लावलं ते अमेरिकेच्या हायमन रिकोव्हर यांनी. पोलंडमध्ये जन्मलेला हा माणूस पेशानं इंजिनिअर. 1955 मध्ये अणुशक्तीवर निघालेली जगातली पहिली पाणबुडी ‘नॉटिलस’ त्यांच्याच हट्टाचं फळ. अणुबोटीवर जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत. तरुण जिमी कार्टरना त्यांनी विचारलं की तू दर वेळी जीव ओतून काम केलंस का? कार्टर प्रामाणिकपणे नाही म्हणाले, आणि ‘का नाही?’ हा पुढचा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. एरवी लढाऊ जहाजांवर इंजिनरूमवाला म्हणजे दुय्यम समजला जाई. रिकोव्हरच्या नौदलात कप्तानालाही अणुभट्टी कळणं सक्तीचं झालं. मला हा बदल क्षेपणास्त्रांपेक्षा मोठा वाटतो, कारण धाडसापेक्षा जागरूकतेला त्यामुळे वरचा मान मिळाला. आणि हेच रिकोव्हर 1982 मध्ये, त्रेसष्ट वर्षांच्या नोकरीनंतर निरोप घेताना अमेरिकी काँग्रेससमोर म्हणाले की जमलं असतं तर मी ही सगळी अणुजहाजं बुडवून टाकली असती. पुष्कळांना तो ढोंगीपणा वाटला. मला वाटत नाही. ज्या हुकमासाठी आपण रोज सज्ज राहतो तो कधीच येऊ नये, हे त्या जागी बसलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार?

डिझेलवरच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरायला वरची हवा लागते, म्हणून अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावंच लागतं. अणुबोटीला ती गरज नाही. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायचं, त्यातून प्राणवायू काढायचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनांनी शोषून घ्यायचा. मर्यादा उरते ती शिध्याची आणि मनाची. लोणावळ्यातच, 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या कैवल्यधामात, करंबेळकर, विनेकर आणि भोळे या संशोधकांनी माणसांना हवाबंद खड्ड्यात बसवून आतल्या वायूंचं प्रमाण मोजलं होतं. तो अभ्यास 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच गावात एकीकडे प्राणायामाची प्रयोगशाळा आणि दुसरीकडे नौदलाच्या इंजिनांची शाळा! दोघांचा एकमेकांशी संबंध नसेलही, पण कोंडलेल्या हवेत माणूस शांत कसा राहतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

मनाची कसोटी आणखी एका ठिकाणी लागते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी आणि ब्रिटिश क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांवर घरून मोजक्या शब्दांचा निरोप येई. उलट उत्तर धाडायची सोय नव्हती, कारण बोलली की बोट सापडली. घरच्या मृत्यूची बातमीही पुष्कळदा बोट बंदराला लागेपर्यंत दाबून ठेवत. किनाऱ्यावरची बायको मुलांच्या परीक्षा, सासूचं आजारपण, गळणारं छत हे सगळं एकटीनं निभावून नेई, आणि तिच्या वाट्याला पदक येत नसे.

मावळात आणि पुण्यात नौदलातून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांना माझी विनंती आहे. अणुभट्टीविषयी, गस्तीच्या वाटांविषयी एक अक्षरही लिहू नका. पण पाण्याखाली दिवस-रात्र कशी ओळखलीत, गणपतीत आरती कुठं म्हटलीत, पहाटेच्या पाळीत शेजाऱ्याशी काय बोललात, परतल्यावर धाकट्यानं तुम्हाला ओळखलं का, एवढं मराठीत लिहून ठेवा. आणि तुम्ही लिहिणार नसाल, तर निदान तुमच्या बायकांना लिहू द्या.