रणगाड्याची चाकं आणि गैरहजर माणसं

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) या सिनेमाच्या शेवटच्या लढाईत जर्मन टायगर रणगाडे पडक्या गावात शिरतात. तेव्हा तोफेकडे बघू नका, चाकांकडे बघा. खऱ्या टायगरची चाकं मोठमोठी आणि एकमेकांत गुंतलेली असतात, हातात पत्ते पसरून धरावेत तशी. सिनेमातल्या टायगरला मात्र एका बाजूला पाच सुटी चाकं आहेत. ही ठेवण सोव्हिएत टी-३४ रणगाड्याची. वरचा साज जर्मन आहे, खालची गाडी रशियन.

हे एकदा कळलं की डोळ्याला चटकच लागते. 'केलीज हीरोज' (१९७०) युगोस्लाव्हियात चित्रित झाला, तिथेही टी-३४लाच टायगरचा वेष चढवलाय. 'बॅटल ऑफ द बल्ज' (१९६५) स्पेनमध्ये झाला आणि त्यात जर्मनांचे किंग टायगर म्हणून अमेरिकन एम-४७ पॅटन धावतात. सगळ्यांत भारी गंमत 'पॅटन' (१९७०) या सिनेमात आहे. जनरल पॅटन ज्या जर्मन रणगाड्यांशी लढतो, ते प्रत्यक्षात स्पॅनिश लष्कराकडचे अमेरिकन रणगाडे आहेत आणि त्यांच्या जातीचं नावच 'पॅटन' आहे. जनरल डिसेंबर १९४५ मध्ये वारला. हे रणगाडे त्यानंतर बनले आणि त्याच्या सन्मानार्थ त्यांना त्याचं नाव दिलं गेलं. म्हणजे पडद्यावर तो स्वतःच्याच स्मारकावर गोळे टाकतोय. पॅटन म्हटलं की आपल्याला १९६५ मधलं खेमकरण आणि असल उत्तरच्या चिखलात रुतलेले पाकिस्तानी रणगाडे आठवतात, त्यामुळे ही गंमत आपल्याला जरा जास्तच कळते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चुका शोधणं हा पोटापाण्याचाच भाग, त्यामुळे सिनेमा बघतानाही डोकं तेच करतं. शेजारी बसलेले मित्र वैतागतात. "अरे, पिक्चर बघू दे ना!" त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. रणगाड्याची चाकं चुकली म्हणून सिनेमा खोटा ठरतो का? आणि ठरत नसेल, तर युद्धपटातली चूक कुठे नुसती चूक राहते आणि कुठे कुणावरचा अन्याय होते?

आधी मित्रांची बाजू घेऊ.

कोकणातल्या दशावतारात राजाला सिंहासन म्हणून एक साधं बाकडं असतं. रंगमंचावर एक फेरी मारली की राजा एका नगरातून दुसऱ्या नगरात पोचतो. "हे तर बाकडं आहे" असं तिथे कुणी ओरडत नाही. बाकडं सिंहासनाचा प्रतिनिधी आहे, हे नटालाही माहीत असतं आणि प्रेक्षकालाही. दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टीला फसवणूक म्हणत नाहीत.

टी-३४वर चढवलेला टायगर बराचसा असाच आहे. जर्मनीने टायगर-१ बनवले सुमारे १३५०, आणि आज जगात त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. चालू स्थितीतला म्हणून प्रसिद्ध आहे तो इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला 'टायगर १३१', एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला. दिग्दर्शकाने करायचं काय? हाताशी असलेल्या गाडीला जमेल तितका खरा आकार द्यायचा. ही अडचणीतून काढलेली वाट आहे. तिच्यात कुणाचंच काही जात नाही.

पण युद्धपट पूर्णपणे दशावतारासारखा नसतो. तो 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावतो, खऱ्या गावांची आणि खऱ्या माणसांची नावं घेतो, तारीख देतो. बाकड्यावर अशी पाटी नसते. आणि इथे माझ्यासारख्या चाकं मोजणाऱ्यांच्या बाजूनेही काही बोलायला हवं.

यंत्राच्या मर्यादा या आतल्या माणसाच्या मर्यादा असतात. अमेरिकन शर्मन रणगाड्याची मूळ ७५ मिलिमीटरची तोफ नेहमीच्या लढाईच्या अंतरावरून टायगरचं समोरचं १०० मिलिमीटरचं चिलखत फोडू शकत नव्हती. टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ शर्मनला लांबूनच संपवू शकत होती. आता शर्मनमधल्या पाच जणांचा विचार करा. समोरासमोर लढायचं नाही, वळसा घालून बाजूने किंवा मागून जायचं, आणि त्या वळशात आपल्यातला कुणीतरी मारला जाणार हे धरून चालायचं. हे आकडे माहीत नसतील तर त्यांचा वळसा पळपुटेपणा वाटतो आणि समोरून धडक देणारा मूर्ख हिरो वाटतो. त्यांचं धैर्य नेमकं कशात होतं, हे चिलखताची जाडी कळल्याशिवाय कळत नाही.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे लोंगेवाला.

४ डिसेंबर १९७१च्या रात्री राजस्थान सीमेवरच्या या चौकीत २३ पंजाबची एक कंपनी होती, सव्वाशेच्या आसपास माणसं. समोरून पाकिस्तानी रणगाड्यांचा ताफा आला. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यासमोर मागे हटण्याचा पर्याय होता. त्यांनी चौकी सोडली नाही. जैसलमेरला हवाई दलाची हॉकर हंटर विमानं होती, पण ती रात्री हल्ला करू शकत नव्हती. उजाडेपर्यंत मदत येणार नव्हती. चौकीकडे रणगाड्यांना तोंड देण्यासाठी होती ती प्रामुख्याने जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. पाकिस्तानी रणगाडे वाळूत अडकत होते, काटेरी तारा बघून पुढे सुरुंग असतील या शंकेने थबकत होते, आणि त्यांच्या डोक्यावर स्वतःचं हवाई संरक्षण नव्हतं. सकाळी हंटर आले आणि उघड्या वाळवंटात त्यांनी रणगाड्यांची शिकार केली.

जे. पी. दत्तांचा 'बॉर्डर' (१९९७) आपल्या पिढीने दर १५ ऑगस्टला टीव्हीवर पाहिला आहे. त्यात आरोळ्या आहेत, हातघाईची लढाई आहे, एकामागून एक पडणारे जवान आहेत. खऱ्या लोंगेवालात भारताचे दोन जवान गेले. त्या रात्रीचं खरं शौर्य आरोळीपेक्षा वाट बघण्यात होतं. ती विमानं अंधारात हल्ला करू शकत नव्हती, ही एक तांत्रिक गोष्ट लक्षात घेतली की ती रात्र किती लांब होती ते उमगतं. मदत आहे, जवळच आहे, पण सूर्य उगवल्याशिवाय ती येणार नाही, आणि तोवर जागेवरून हलायचं नाही. मला हे सिनेमातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त भयंकर वाटतं. सिनेमाने दाखवलेलं शौर्य मोठ्या आवाजाचं आहे. खरं शौर्य अवघड होतं, आणि ते झाकलं गेलं.

म्हणजे यंत्राविषयीचा काटेकोरपणा हा नुसता छंद नाही. त्यातून माणसांना न्याय देता येतो. इथपर्यंत मी चाकं मोजणाऱ्यांचा वकील आहे.

पण याच 'बॉर्डर'मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी चाकं मोजून कधीच सापडणार नाही. सुनील शेट्टीने रंगवलेला भैरोसिंग सिनेमात हुतात्मा होतो. खरे भैरोसिंग राठोड, सीमा सुरक्षा दलाचे जवान, लोंगेवालाच्या लढाईतून जिवंत परतले होते. त्यांना सेना पदक मिळालं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे सिनेमा आल्यानंतर पंचवीस वर्षं हा माणूस अशा देशात जगत होता, जिथे करोडो लोकांनी त्याचं मरण डोळे पुसत पाहिलं होतं. त्या दृश्यात बंदूक बरोबर असेल, गणवेश बरोबर असेल, पडद्यावर खटकण्यासारखं काहीच नसेल. तरी खऱ्या नावाच्या जिवंत माणसाला मारून टाकलंय.

माझ्या कामात हा अनुभव रोजचा आहे. आपण टेस्ट लिहितो, त्या चालवतो, सगळ्या हिरव्या दिसतात. पण टेस्ट लिहिलेल्या कोडबद्दलच बोलतात. जे फीचर लिहायचंच राहून गेलं, त्याबद्दल कुठलीही टेस्ट लाल होत नाही. न लिहिलेली ओळ एरर देत नाही. सिनेमातल्या चुका शोधणाऱ्याचं असंच होतं. चुकीची वस्तू फ्रेममध्ये असेल तर डोळा पकडतो. जे फ्रेममध्ये आलंच नाही, ते पकडायला डोळा पुरत नाही.

ख्रिस्तोफर नोलनचा 'डंकर्क' (२०१७) घ्या. यंत्रांच्या बाबतीत या सिनेमाने खूप मेहनत घेतली आहे, खरी स्पिटफायर उडवली आहेत. जर्मन मेसरश्मिट मात्र खरी मेसरश्मिट नाहीत, ती स्पेनमध्ये बनलेली 'बुचॉन' आहेत. त्यांच्यात ब्रिटिश रोल्स रॉइस मर्लिन इंजिन आहे, म्हणजे स्पिटफायरच्या घराण्यातलंच. मूळ जर्मन इंजिन उलटं बसवलेलं असायचं, त्यामुळे धुराच्या नळ्या नाकाच्या खालच्या बाजूला असत, इथे त्या वर दिसतात. शिवाय विमानांची नाकं पिवळी रंगवली आहेत. तो रंग मे-जून १९४०च्या डंकर्कनंतर आला, पण आकाशातल्या धुमश्चक्रीत शत्रू कोण हे प्रेक्षकाला चटकन कळावं म्हणून नोलनने तो जाणूनबुजून घेतला. जाणकारांनी हे सगळं लगेच टिपलं.

आता फ्रेमबाहेर बघू. डिसेंबर १९३९ मध्ये रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार कंपन्या मार्सेय बंदरात उतरल्या होत्या. सोबत खेचरं होती, कारण मोटारी जिथे अडतील तिथे सामान वाहायला तीच कामाची. त्यांतले बरेच जण पंजाबी मुसलमान होते. पुढच्या मे महिन्यात माघार सुरू झाल्यावर खेचरं मागे सोडावी लागली. तीन कंपन्या निसटल्या, एक जर्मनांच्या हाती लागली. ही माणसं डंकर्कला होती. 'डंकर्क'मध्ये ती नाहीत. सिनेमा आल्यावर आपल्याकडे आणि ब्रिटनमध्येही यावर टीका झाली, पण ती करता आली इतिहास आधीच ठाऊक असणाऱ्यांना. पडदा कितीही बारकाईने पाहिला तरी तिथून हे कळायचं नाही.

साडेतीन लाखांच्या आसपास सुटका झालेल्यांमध्ये काहीशे भारतीय दाखवले नाहीत तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. एका सिनेमात सगळं मावत नाही, हेही खरं. पण नाकाचा पिवळा रंग चुकला तर कुणाचा पणजोबा इतिहासातून पुसला जात नाही. इथे पुसला जातो.

आणि कधी कधी तर श्रेय उचलून दुसऱ्याला दिलं जातं. 'यू-५७१' (२०००) मध्ये अमेरिकन नौसैनिक जर्मन पाणबुडीवरून 'एनिग्मा' हे सांकेतिक यंत्र मिळवतात. प्रत्यक्षात मे १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याच्याही आधी, ब्रिटिश युद्धनौका बुलडॉगच्या खलाशांनी यू-११० वरून ते मिळवलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये बुडत्या यू-५५९ मधून सांकेतिक कागदपत्रं काढताना टोनी फासन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक बुडून मेले. सिनेमाच्या शेवटी या जहाजांची नोंद करणारी पाटी येते. पण दोन तास डोळ्यांनी जे पाहिलं, त्याला शेवटची पाटी कितपत पुरी पडणार? तोवर अर्धं थिएटर पार्किंगकडे निघालेलं असतं. सिनेमाचा एक लेखक डेव्हिड एअर याने पुढे याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. याच एअरने नंतर 'फ्युरी' (२०१४) दिग्दर्शित केला आणि त्यात बॉव्हिंग्टनचा खरा टायगर १३१ आणला. चाकं मोजणारे खूश झाले. मात्र तिथेही शेवटी बंद पडलेला एक शर्मन शेकडो एसएस सैनिकांना रात्रीपर्यंत थोपवून धरतो. खरा टायगर आणला म्हणून गोष्ट खरी होत नाही.

म्हणून मला वाटतं, युद्धपटातली चूक दिसली की एक साधा प्रश्न विचारावा. यात कुणाचं काय गेलं?

टायगरऐवजी टी-३४ आला, कुणाचं काही गेलं नाही. मित्रांना एकदा सांगावं आणि पुढचा सिनेमा बघू द्यावा. नाक पिवळं रंगवलं, थोडी अचूकता गेली आणि प्रेक्षकाची सोय झाली. हा सौदा मान्य करता येतो. लोंगेवालाची रात्र आरोळ्यांनी भरली, तिथे त्या जवानांच्या धैर्याची खरी जात हरवली. हे जास्त महाग आहे. आणि जिथे जिवंत माणूस मारला जातो, मेलेल्याचं श्रेय दुसऱ्याला मिळतं किंवा एक अख्खी तुकडी गायब होते, तिथे 'सिनेमॅटिक लिबर्टी' हा शब्द पुरत नाही. कलाकाराला स्वातंत्र्य हवंच, पण त्यासाठी सोपी वाट उपलब्ध असते. पात्राचं नाव बदला, चौकीचं नाव बदला, 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी काढा. खऱ्या नावाचा अधिकार वापरायचा असेल, तर त्या नावाच्या माणसाचं देणंही लागतो.

चाकं मोजणं सोडू नये, असंच मी म्हणेन. ज्याला चाकाचा फरक दिसतो, त्याला 'हे असं नव्हतं' म्हणायची सवय असते, आणि सध्याच्या काळात ही सवय कमी लोकांना आहे. फक्त ती रणगाड्यापाशी थांबू नये. सिनेमा संपल्यावर त्या लढाईबद्दल दहा मिनिटं वाचावं आणि तिथे आणखी कोण कोण होतं ते बघावं. फोन तसाही हातातच असतो.